बारावीतल्या मुलीची कागदपत्रे कोणी सांभाळायची?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलीचा जन्म पुण्याचा. ती सहा वर्षांची असताना आम्ही इकडे आलो आणि आता आम्हा तिघांनाही ग्रीन कार्ड मिळाले आहे. ती हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला असून रटगर्स या इथल्या सरकारी विद्यापीठात आणि दुसऱ्या राज्यातील एका खासगी कॉलेजात तिला प्रवेश मिळाला आहे. खासगी कॉलेजच्या पत्रात आर्थिक मदतीचा आकडा मोठा दिसत असल्याने तिचा ओढा तिकडे आहे. मी साताऱ्याला बारावी केली, तेव्हा परीक्षा, गुणपत्रिका आणि प्रवेश असा सरळ क्रम होता. इथे मात्र ऑगस्टपासून निबंध, फॉर्म आणि तारखा सुरू आहेत आणि ते सारे मीच सांभाळते आहे. प्रवेशाची पत्रे आल्यापासून मुलीने अभ्यास सैल सोडला आहे. जूनमधील पदवीदानाला तिच्या आजी-आजोबांना बोलवावे, अशीही इच्छा आहे. राहिलेल्या महिन्यांत मी नेमके कशाकडे लक्ष द्यावे?

उत्तर : सर्वांत आधी ते मदतीचे पत्र मुलीसमोर ठेवा आणि त्यातील प्रत्येक आकडा कोणत्या प्रकारचा आहे, हे तिलाच शोधायला सांगा. समजा, वर्षाचा एकूण खर्च ८४,००० डॉलर आहे आणि पत्रात ३६,००० डॉलरची ‘मदत’ दाखवली आहे. त्यात २८,००० ची शिष्यवृत्ती, ५,५०० चे सरकारी कर्ज आणि २,५०० चे वर्क-स्टडी असेल, तर खरी सवलत फक्त २८,००० ची आहे. ५,५०० डॉलर ही पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी मिळणाऱ्या सरकारी थेट कर्जाची कमाल मर्यादा आहे आणि ते कर्ज मुलीच्या स्वतःच्या नावावर चढते. वर्क-स्टडीचे पैसे कॅम्पसवर काम केल्यावर पगार म्हणून तिच्या हाती येतात. सत्राच्या सुरुवातीला भरायच्या बिलातून ते वजा होत नाहीत. म्हणजे पत्रावरून ४८,००० वाटणारा खर्च प्रत्यक्षात ५६,००० आहे आणि चार वर्षांत हा फरक ३२,००० डॉलरवर जातो. त्यात दरवर्षीची फीवाढ धरलेली नाही. शिष्यवृत्ती चारही वर्षे मिळणार आहे का, ती टिकवण्यासाठी किती जीपीए (सरासरी गुणांक) राखावा लागतो आणि फी वाढली तर शिष्यवृत्तीही वाढते का, हे तीन प्रश्न कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला विचारायलाच हवेत. फाफ्सा (सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज) भरल्यानंतर घरातील उत्पन्न घटले असेल, तर फेरविचाराची विनंतीही करता येते. हा फोन मुलीने करावा, आपण शेजारी बसावे. राज्यातील रहिवाशांसाठीच्या दराने रटगर्समध्ये शिकणे म्हणजे दुय्यम पर्याय पत्करणे, असे घरात कोणी म्हणत असेल तर ते वेळीच थांबवा. बहुतेक कॉलेजांत १ मेपर्यंत होकार कळवून अनामत भरायची असते, म्हणून हा हिशेब एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच उरकावा.

अभ्यासाबद्दलची आपली काळजी रास्त आहे. आपल्याकडे बोर्डाचा शेवटचा पेपर दिला की विद्यार्थ्याच्या हातात काही उरत नाही. इथे प्रवेश सशर्त असतो, उन्हाळ्यात शाळेकडून अंतिम ट्रान्सक्रिप्ट (गुणांची अधिकृत नोंद) कॉलेजला जाते आणि गुण फारच घसरले असतील तर कॉलेज प्रवेश मागे घेऊ शकते. ही अट प्रवेशाच्या पत्रात लिहिलेली असते. ती तिला मोठ्याने वाचायला सांगावी. आईच्या दहा वेळच्या सांगण्यापेक्षा त्या ओळीचा उपयोग अधिक होईल. एपी (हायस्कूलमध्येच शिकायचे कॉलेजच्या पातळीचे) विषय असतील तर मेमधील परीक्षा गांभीर्याने देण्याचे सरळ आर्थिक कारणही आहे. अनेक कॉलेजे चार किंवा पाच गुणांवर क्रेडिट (पदवीसाठी लागणारे श्रेयांक) देतात आणि पुरेशी क्रेडिट्स जमली तर एखादे सत्र वाचू शकते. कोणत्या विषयाला किती क्रेडिट मिळते, याचा तक्ता दोन्ही कॉलेजांच्या संकेतस्थळांवर पाहून तिने स्वतः टिपून ठेवावा.

आता आपल्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाच्या वाटलेल्या वाक्याकडे येतो : ‘ते सारे मीच सांभाळते आहे.’ आपण हे प्रेमापोटी करता, यात शंका नाही. परंतु मुलगी १८ वर्षांची होताच किंवा कॉलेजात दाखल होताच तिच्या शैक्षणिक नोंदींवरील अधिकार फर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्यानुसार तिच्याकडे जातो. ती आपल्या करविवरणात अवलंबित असेल तर कॉलेज आपल्याला माहिती देऊ शकते, पण तसे बंधन त्याच्यावर नाही. वैद्यकीय माहितीचेही तेच आहे. १८ व्या वाढदिवसानंतर तिच्या डॉक्टरांशी तिच्या संमतीशिवाय बोलता येईल, असे गृहीत धरू नका. म्हणून ऑगस्टपूर्वी दोन कागद करून घ्यावेत : माहिती देण्याची लेखी संमती आणि ती स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसल्यास आपल्याला वैद्यकीय निर्णय घेता यावेत यासाठीचे मुखत्यारपत्र. कॉलेज दुसऱ्या राज्यातील ठरले, तर हे मुखत्यारपत्र तिथे चालेल ना, याचीही खात्री करावी. त्यावर सही तिची असते, त्यामुळे हे कशासाठी आहे ते तिला नीट समजावून सांगावे आणि तिला एखादी गोष्ट खासगी ठेवायची असेल तर तिचे म्हणणेही ऐकून घ्यावे.

कॉलेजच्या पोर्टलवर आपला ईमेल पत्ता असेल तर तो आजच बदलून तिचा द्या. वसतिगृहाच्या फॉर्ममध्ये झोपण्याची वेळ, अभ्यासाची सवय, खोलीतील टापटीप असे प्रश्न असतात आणि त्या उत्तरांवरून खोलीतील सोबतीण ठरते. अनेक घरांत हा फॉर्म आई भरते, ‘रात्री दहाला झोपते’ असे लिहिते आणि मग पहाटे दोनपर्यंत जागणारी मुलगी लवकर झोपणाऱ्या मुलीच्या खोलीत जाऊन पडते. हा फॉर्म तिचा तिलाच भरू द्या.

आरोग्याच्या फॉर्मकडे मात्र आपण दोघींनी मिळून पाहावे, कारण इथे पुण्यातील कागद लागणार आहेत. गोवर-गालगुंड-रुबेला आणि मेनिंजायटिस यांच्या लशींचे पुरावे कॉलेजे सहसा मागतात. लहानपणीच्या लशी पुण्यातील डॉक्टरांच्या पुस्तिकेत हाताने लिहिलेल्या असतील, तर इथल्या डॉक्टरांकडून त्या अधिकृत नोंदीत चढवून घ्याव्यात. भारतात जन्मलेल्या विद्यार्थ्यांकडून क्षयरोगाची तपासणीही पुष्कळदा मागितली जाते. मुलीला बीसीजी दिलेली असणार. त्या लशीमुळे त्वचेवरील चाचणी रोग नसतानाही सकारात्मक येऊ शकते, मग छातीचा एक्स-रे आणि पुढची धावपळ मागे लागते. रक्ताच्या चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही, म्हणून डॉक्टरांकडे तीच मागावी. शिवाय बरीच कॉलेजे स्वतःचा आरोग्य विमा बिलात आपोआप जोडतात. मुलीला २६ वर्षांपर्यंत आपल्या पॉलिसीत राहता येते. ती पॉलिसी कॉलेजच्या गावात चालत असेल तर मुदतीत नकाराचा फॉर्म भरल्यास ती रक्कम वाचते.

आजी-आजोबांच्या बाबतीत, तिकिटे काढण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाला पदवीदानाचे किती प्रवेशपास मिळतात, हे शाळेला विचारा. पुष्कळ शाळांत ते मोजकेच असतात. शक्य असेल तर त्यांना ऑगस्टअखेरपर्यंत ठेवून घ्या. नात घर सोडताना आजी जवळ असली, तर तो निरोप सगळ्यांनाच सोपा जाईल.

प्रश्न : आम्ही इलिनॉयमध्ये एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत. मुलगा एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर असून यंदा हायस्कूल संपवतो आहे. त्याने फाफ्सा भरावा का? त्याला कॉलेजसाठी एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागेल का?

उत्तर : एच-४ वरील विद्यार्थ्याला सरकारी अनुदान, सरकारी कर्ज किंवा सरकारी वर्क-स्टडी मिळत नाही, त्यामुळे फाफ्सातून त्या मदतीची आशा धरू नये. कॉलेजच्या स्वतःच्या निधीतून मिळणारी शिष्यवृत्ती वेगळी. काही खासगी कॉलेजे त्यासाठी सीएसएस प्रोफाइल हा आर्थिक माहितीचा वेगळा अर्ज मागतात आणि तो त्याला भरता येतो. राज्यातील रहिवाशांचा फी-दर त्याला लागू होईल का, हे प्रवेश कार्यालयाकडून लेखी घ्यावे, कारण हे नियम राज्यागणिक बदलतात.

शिक्षणासाठी व्हिसा लगेच बदलावा लागत नाही. एच-४ वर पूर्ण वेळ शिकता येते. परंतु हा दर्जा २१ व्या वाढदिवसाला संपतो, म्हणजे बहुधा तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षाच्या मध्यावर. त्याच्या आत बरेच महिने आधी एफ-१ साठी अर्ज गेलेला असावा. दुसरा मुद्दा नोकरीचा आहे : एच-४ वर असताना आपल्या मुलाला कॅम्पसवर पगारी काम करता येणार नाही, एफ-१ वर मात्र सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत करता येते. आपला ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित असेल, तर एफ-१ चा अर्ज करण्यापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. शिक्षण संपल्यावर परत जाण्याचा इरादा एफ-१ साठी दाखवावा लागतो आणि प्रलंबित अर्जामुळे तो मुद्दा नाजूक होतो. २१ वर्षांचे वय मोजताना काही प्रकरणांत अर्ज प्रलंबित राहिलेला काळ वजा करण्याची तरतूदही कायद्यात आहे. ती आपल्या मुलाला लागू होते का, हे त्याच भेटीत विचारून घ्यावे आणि त्या भेटीला मुलालाही बरोबर न्यावे.