गाडीचं काय बिनसलंय? : नुसतं ‘टक्’ होतं आणि सेल्फ गप्प

प्रश्न : नमस्कार दादा. माझी २०१३ ची पेट्रोल गाडी आहे, ९० हजार किलोमीटर झालंय. रोज कोरेगावहून साताऱ्याला शाळेत जाते. सकाळी घरून निघताना पहिल्या झटक्यात चालू होते, पण साताऱ्यात पोवई नाक्यावर दहा मिनिटं थांबून परत चावी फिरवली की कधीकधी नुसतं ‘टक्’ असा एकच आवाज येतो आणि पुढं काहीच नाही, अर्धा-पाऊण तास थांबलं की होते चालू. मागच्या रविवारी यवतेश्वर घाटात फोटोसाठी थांबलो तिथंही तेच, मग मिस्टरांनी उतारावर दुसऱ्या गियरमध्ये सोडली तर लगेच चालू झाली. नवीन बॅटरी टाकून झाली, फरक नाही. आता एक मेस्त्री म्हणतात पेट्रोल पंप बदला. गॅरेजला नेली की मात्र प्रत्येक वेळी चालू होते. काय करू? – एक वाचक, कोरेगाव

उत्तर : ताई, पेट्रोल पंप अजिबात बदलू नका. तुमच्या पत्रातच उत्तर आहे. उतारावर सोडली आणि लगेच चालू झाली म्हणजे पंप पेट्रोल देतोय, प्लगला करंट जातोय, इंजिन ठणठणीत आहे. पंप गेला असता तर सेल्फ (इंजिनाला पहिला फिरका देणारी मोटर) खरखर फिरला असता पण गाडी धरली नसती. तुमच्याकडं सेल्फच फिरत नाही. ‘गाडी चालू होत नाही’ या एका वाक्यात हे दोन वेगळे आजार येतात, आणि बंद गाडी डोळ्यासमोर नसताना मेस्त्रीला ते कळायला मार्ग नसतो, मग अंदाजानं पार्ट बदलले जातात आणि पैसे तुमचे जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता ‘टक्’ कुठून येतं ते बघा. चावी फिरवली की बारीक वायरीतून करंट सेल्फवरच्या सोलेनॉइडला (करंटवर चालणाऱ्या चुंबकी स्विचला) जातो, त्यातला लोखंडी दांडा ओढला जातो (तोच ‘टक्’), आणि त्याच्या टोकाची तांब्याची चकती दोन जाड टोकं जोडते, तेव्हा कुठं मोटरला शंभर-दीडशे अँपिअर मिळतात. ही चकती वर्षानुवर्षं ठिणग्या खाऊन काळी पडते, मोटरच्या आतले कार्बन (फिरत्या भागाला करंट पोचवणारे ब्रश) झिजतात. आणि गरम झाल्यावरच का होतं, तर सोलेनॉइडच्या गुंडाळीचं तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) वाढतो, ५० अंश वाढले तर साधारण २० टक्के, म्हणजे सोलेनॉइडची ओढ कमी पडते आणि झिजलेला कॉन्टॅक्ट नीट बसत नाही. चालत्या गाडीत वारा लागत असतो, थांबल्यावर इंजिनाची सगळी उष्णता बॉनेटखाली साठते, म्हणून दहा मिनिटांचा थांबाच नडतो. माझा पहिला संशय सेल्फवर आहे.

पण सेल्फ उतरवायच्या आधी अर्थिंग (करंट बॅटरीच्या मायनसला परत यायची वाट) बघाच. मी स्वतः एका गाडीला नवीन सेल्फ बसवला होता आणि आठ दिवसांत ती परत आली, शेवटी इंजिन आणि बॉडीच्या मधली अर्थ वायर आतून सडलेली निघाली, त्या माणसाचा खर्च माझ्यामुळं वाया गेला, तेव्हापासून मी हे आधी बघतो. पुढच्या वेळी बंद पडली की गियर न्यूट्रल, हँडब्रेक घट्ट, जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला लावा (फॅन आणि बेल्टपासून लांब) आणि चावी मारा. चालू झाली तर दोष अर्थिंगचा. मल्टीमीटर असेल तर बॅटरीचं मायनस आणि इंजिन यांच्यात सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तरी तेच.

नाही झाली तर हेडलाइट लावून चावी फिरवा. लाइट एकदम मंद झाला तर बॅटरीची टर्मिनल बघा, नवीन बॅटरीवर जुनी क्लिप सैल बसलेली खूप वेळा सापडते, आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यावर पांढरी-हिरवी पूड पण धरते, ती गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुवा, बॅटरीच्या आत पाणी जाऊ देऊ नका. लाइट जसाच्या तसा राहिला आणि टक् झालं तर सेल्फच. पान्याच्या दांड्यानं सेल्फच्या बॉडीवर हलकं ठोकून चालू झाली तर कार्बन नाहीतर सोलेनॉइडचा कॉन्टॅक्ट गेलाय असं समजा. ऑटो इलेक्ट्रिशियनकडून कार्बन आणि सोलेनॉइड बदलून घ्या, नवीन अख्ख्या सेल्फपेक्षा पुष्कळ कमी खर्च येतो.

गॅरेजला नेताना फोन करून जा, म्हणा गाडी तापवूनच आणते, बंद करून दहा मिनिटं तशीच ठेवा. त्याशिवाय हा दोष सापडणार नाही. बंद पडल्यावर मोबाइलवर आवाजासकट व्हिडिओ काढा, मेस्त्रीला दाखवा.

आणि एक कळकळीनं सांगतो. यवतेश्वरच्या उतारावर गाडी बंद असताना सोडायची नाही. इंजिन बंद असलं की ब्रेकच्या बूस्टरचा (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाचा) दम दोन-तीनदा पाय दाबला की संपतो, मग ब्रेक दगडासारखा लागतो, पॉवर स्टिअरिंगही जड होतं. त्या वळणांवर ते फार धोक्याचं आहे. दुरुस्त होईपर्यंत घाटात नेऊ नका, आणि धक्का द्यायची वेळ आलीच तर सपाट रस्त्यावर द्या.

प्रश्न : गाडी चार-पाच दिवस उभी राहिली की बॅटरी डाऊन. रोज वापरली तर काही त्रास नाही. – एक वाचक, तासगाव

उत्तर : काहीतरी चोरून करंट खातंय. बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम, जीपीएस, रिव्हर्स कॅमेरा, त्यांच्यावर आधी संशय घ्या. बॅटरीची मायनस वायर काढून मल्टीमीटर अँपिअरवर मध्ये जोडा, दारं बंद करून अर्धा तास थांबा म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर झोपतात, मग वाचा. ५० मिलीअँपिअरपर्यंत ठीक. ३०० दिसले तर दिवसाला ७ अँपिअर-तास जातात, ४५ अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसात सेल्फ फिरवायच्या लायक उरत नाही. एकेक फ्यूज काढत जा, आकडा जिथं खाली येईल ती लाइन. मीटर जोडलेला असताना चावी मात्र फिरवू नका, मीटरचा फ्यूज उडेल.