जिल्हा परिषदेची २२ पटाची शाळा चालवतं कोण? अध्यक्षाच्या हातात काय असतं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावात पहिली ते चौथीची द्विशिक्षकी शाळा, पट म्हणजे मुलांची संख्या २२. पालकसभेत तुम्हाला शाळा व्यवस्थापन समितीचं अध्यक्ष केलं. सर म्हणतात, "तुम्ही फक्त सह्या करा, बाकीचं मी बघतो." मग ही शाळा चालवतं कोण आणि तुम्ही करायचं काय?

मी सातारा जिल्ह्यात आधी शिक्षक आणि पुढे केंद्रप्रमुख होतो, आता निवृत्त आहे. माझ्या केंद्रातल्या बऱ्याच शाळा तुमच्यासारख्याच वाड्यावस्त्यांवरच्या होत्या. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शाळा जिल्हा परिषदेची. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या तेव्हापासून ग्रामीण भागातलं प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे आहे. जिल्ह्याला शिक्षणाधिकारी (प्राथमिक), तालुक्याला पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, त्यांच्याखाली बीटाचे, म्हणजे काही केंद्रांच्या गटाचे, विस्तार अधिकारी, मग दहा-बारा शाळांमागे एक केंद्रप्रमुख आणि शेवटी तुमचे मुख्याध्यापक. द्विशिक्षकी शाळेत मुख्याध्यापक म्हणजे दोघांतले ज्येष्ठ गुरुजी. ते वर्गही घेतात, खिचडीचा हिशोबही ठेवतात आणि माहितीही भरतात. शाळेला कारकून नाही, शिपाई नाही.

आता या उतरंडीत कोण काय ठरवतं ते नीट समजून घ्या, नाहीतर चुकीच्या माणसाशी भांडण होतं. शिक्षक कोण येणार हे गाव ठरवत नाही, गटशिक्षणाधिकारीही ठरवत नाहीत. भरती राज्य पातळीवर पवित्र पोर्टलवरून होते, नवा शिक्षक पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून महिना १६,००० रुपये मानधनावर काम करतो, पगार राज्य सरकार देतं आणि बदल्या ऑनलाइन होतात. तुमचं गाव अवघड क्षेत्रात, म्हणजे दुर्गम म्हणून जाहीर झालेल्या भागात असेल, तर तिथे ठरावीक वर्षं काढलेल्या शिक्षकाला बदली मागायचा हक्क मिळतो. चांगले सर गेले म्हणून गाव शाळेला कुलूप लावतं, मी अशी कुलपं उघडायला गेलो आहे. गावाचा राग खरा असतो, पण ज्याच्या हातात काहीच नाही अशा माणसासमोर तो निघतो. त्या दिवसाचं शिकणं मात्र मुलांचं बुडतं.

मग तुमच्या हातात काय? कागद. ऐकायला किरकोळ वाटेल, पण नोकरीभर मी हेच पाहिलं की छोट्या शाळेचं काम हललं ते समितीच्या ठरावाने.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या महिला. आपल्या राज्यात अध्यक्ष पालकांतूनच होतो, मुख्याध्यापक सचिव असतात. शाळेच्या कामावर देखरेख, शाळा विकास आराखडा आणि आलेल्या अनुदानाच्या खर्चावर लक्ष ही समितीची कायद्याने सांगितलेली कामं आहेत. म्हणजे सरांनी तुम्हाला मान म्हणून बसवलेलं नाही. सभा दर महिन्याला व्हायला हवी. बऱ्याच ठिकाणी सभा होतच नाही, इतिवृत्ताची वही मुलाच्या हाती घरोघर फिरते, आया भाकरी थापता थापता सही करतात आणि ठराव नंतर लिहिला जातो. सरांचाही यात फार वाईट हेतू असतो असं नाही, वेळच नसतो. पण ही सवय पहिल्याच महिन्यात मोडा. कोऱ्या पानावर सही करू नका. सभा शाळेतच घ्या, शेतातली कामं आटोपल्यावर संध्याकाळी घ्या, आणि ठराव तिथल्या तिथे मोठ्याने वाचून मग सह्या घ्या.

ठरावाने काय होतं याचं एक उदाहरण सांगतो. आमच्याकडे एका वाडीत जुनी दगडमातीची वर्गखोली होती. मागची भिंत फुगली होती, पावसाळ्यात आढ्यातून पाणी यायचं. गुरुजींनी पत्रं लिहिली होती, ती कुठल्या तरी फायलीत होती. सरकारी खोली धोकादायक झाली तरी गावाला ती पाडता येत नाही, आधी तिचं निर्लेखन, म्हणजे ती वापरातून रद्द करणं, मंजूर व्हावं लागतं. अभियंता येऊन पाहणी करतो, प्रस्ताव वर जातो, मंजुरी आली की मग पाडकाम. नव्या खोलीचा निधी ही आणखी वेगळी वाट. त्या वर्षीच्या अध्यक्ष म्हणजे तिसरीतल्या एका मुलीची आई. त्यांनी सभेत ठराव घेतला: "या खोलीत आजपासून मुलांना बसवू नये, वर्ग समाजमंदिरात भरवावा, अभियंत्याने पाहणी करून लेखी अहवाल द्यावा." खाली तारीख, सगळ्यांच्या सह्या. एक प्रत ग्रामपंचायतीला, एक माझ्याकडे, एक गटशिक्षणाधिकाऱ्यांना, आणि प्रत्येक प्रतीवर पोच घेतली. गुरुजींचं पत्र म्हणजे एका कर्मचाऱ्याची विनंती. हा पालकांचा लेखी इशारा होता, दुर्घटना घडली असती तर तो पहिला पुरावा ठरला असता. पाहणीची तारीख लगेच आली. नवी खोली व्हायला वेळ लागला, पण मुलं त्या भिंतीखालून निघाली.

पैशाचं बोलू. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून मिळणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. ३० पटापर्यंतच्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा. उरलेल्यात वीजबिल, खडू, रजिस्टरं, पाण्याच्या टाकीचा नळ, मोडलेली कडी. महिन्याला हजारही पडत नाहीत, आणि पैसे वर्षाच्या शेवटी शेवटी आले तर तोवर गुरुजींनी खिशातून घातलेले असतात. म्हणून खर्चाचा हिशोब जरूर मागा, पण चोर पकडायला आल्यासारखा मागू नका. दुरुस्तीचा मोठा आधार ग्रामपंचायत आहे. वित्त आयोगाचा निधी ग्रामपंचायतीला थेट येतो आणि गावाच्या विकास आराखड्यात शाळेची कामं धरता येतात. आराखडा करायच्या ग्रामसभेला समितीच्या सगळ्या आयांना घेऊन जा. शौचालयाचं पाणी, संरक्षक भिंत, जे हवं ते ठरावात नाव घेऊन लिहून घ्या. मुंबईकर मंडळी गणपतीला गावी आली की त्यांनाही शाळेत बोलवा. आमच्या बाजूच्या कित्येक शाळांचे संगणक आणि रंगकाम मुंबईकर ग्रामस्थ मंडळांच्या पैशांतून झालेलं आहे.

गावाच्या हाती असलेलं काम वर ओढून नेलं की काय होतं हे गणवेशात दिसलं. आधी समिती कापड घ्यायची, गावातला किंवा बाजारगावचा शिंपी मापं घेऊन शिवायचा. २०२४-२५ ला राज्याने "एक राज्य, एक गणवेश" म्हणून कापड एकत्र घेतलं आणि शिवण्याचं काम महिला बचत गटांना दिलं. बचत गटांच्या बायकांना काम मिळावं हा हेतू चांगला होता. पण ठिकठिकाणी स्वातंत्र्यदिनापर्यंत गणवेश पोहोचले नाहीत, आले त्यांची मापं चुकली, आणि वर्ष संपायच्या आत निर्णय फिरवून खरेदी पुन्हा समितीकडे दिली. म्हणजे यंदा हे काम तुमचं आहे. कापड स्वतः हाताने बघा, ते मूल वर्षभर अंगावर घालणार आहे.

पोषण आहार हेही तुमच्याच लक्ष ठेवण्याचं काम. पहिली ते पाचवीला प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, म्हणजे बावीसही मुलं आली तर दिवसाला २ किलो २०० ग्रॅम. आठवड्यातून एकदा कुणीतरी आई जाऊन तांदूळ मोजताना बघू दे, खिचडी खाऊन चव नोंदवहीत सही करू दे. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना महिना २,५०० रुपये मानधन आहे. एवढ्या पैशात ती बाई चूल, भांडी, सांडलवंड सगळं करते. तिचं मानधन रखडलं तर त्याचाही ठराव घ्या.

सर शाळेत नसतात अशी तक्रार येईल तेव्हा आधी कुठे होते ते विचारा. कायद्याचं कलम २७ म्हणतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. प्रत्यक्षात मतदार यादीचं काम निवडणुकीच्या नावाखाली वर्षभर चालतं, यूडायसची म्हणजे शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती, आधार दुरुस्ती आणि रोजच्या आहाराची नोंद वेगळीच. दोनातला एक बाहेर गेला की दुसऱ्याच्या समोर चारही वर्ग. चौथीचा भागाकार सांगेपर्यंत पहिलीची पोरं बाकाखाली गेलेली असतात. बहुवर्ग शिकवायची चांगली पद्धत आहे, ती जमवलेले शिक्षक मी पाहिलेत. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटात तर ज्ञानरचनावादाने, म्हणजे मुलांना स्वतः करून शिकू देत, शिकवणाऱ्या साध्या शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक यायचे. तिथे बीटाच्या विस्तार अधिकारी आणि शिक्षक एका दिशेने लागले होते. पण त्यालाही शिक्षक वर्गात असावा लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तुमचा २२ हा आकडा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० पटापर्यंत दोन शिक्षक. पण १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या, शासन निर्णयानंतर २० च्या आतल्या शाळांचं दुसरं नियमित पद वादात आलं, शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या आणि त्यानंतर आदेश बदलत राहिले. तुमच्यासाठी यंदाचा नियम काय, ते गटशिक्षण कार्यालयातून लेखी घ्या. पट धरतात तो ३० सप्टेंबरचा. म्हणजे दोन-तीन घरं मुंबईला गेली किंवा इंग्रजी शाळेच्या गाडीत दोन पोरं चढली, की तुमची शाळा त्या रेषेच्या खाली. म्हणून मार्चमध्येच अंगणवाडीत जाऊन पहिलीला येणाऱ्या मुलांची यादी करा आणि त्यांच्या आयांना भेटा. तुमची मुलगी आता काय वाचते ते त्यांच्यासमोर वाचून दाखवू दे. शिक्षकांच्या घरभेटीपेक्षा आईच्या शब्दाला वजन असतं.

पट आणखी घसरला तर समायोजनाची, म्हणजे शाळा दुसऱ्या शाळेत मिसळण्याची, कुजबुज सुरू होईल. २०१७ ला दहाच्या आतल्या तेराशेवर शाळा बंद करून मुलं शेजारच्या शाळेत पाठवायचं ठरलं होतं. २०२३ ला २० च्या आतल्या शाळांसाठी समूह शाळेचा, म्हणजे अशा छोट्या शाळा मिळून एक मोठी शाळा करायचा, विचार आला, त्यात पुणे जिल्ह्यातल्या पानशेतचं आणि नंदुरबारमधल्या तोरणमाळचं उदाहरण दिलं होतं. मी समूह शाळेच्या सरसकट विरोधात नाही. पाच पोरांच्या शाळेत मुलांना खेळायला सवंगडी नसतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण सहा वर्षांची मुलगी रोज तिथे कशी जाणार, याचं उत्तर मिळाल्याशिवाय कुणी हो म्हणू नये. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी हा नियम आहे आणि नकाशावरचा किलोमीटर डोंगरात चालायला तीन होतो.

तसं पत्र आलंच तर तोंडी उत्तर देऊ नका, सभा घ्या. ठरावात पायवाटेने मोजलेलं अंतर लिहा, वाटेत ओढा कुठे आहे आणि त्यावर साकव आहे की नाही ते लिहा, जुलै-ऑगस्टमध्ये तो किती दिवस ओलांडता येत नाही ते लिहा. प्रत्येक मुलाचं नाव आणि वय लिहा. ते गाडी देणार असतील तर कुठून, किती वाजता, चालक कोण आणि पैसे कोण भरणार, हे लेखी मागा. एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, एक शिक्षणाधिकाऱ्यांना, एक जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना द्या आणि तिन्हींची पोच वहीत चिकटवा. मसुद्याला अडलं तर इथेच खाली लिहा, मी बसून तयार करून देईन.