वावरात कधीपासून गेले नाहीत?

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

घरातल्या मरणानं घराचं काय होतं, हे पाहणाऱ्या आर्वी तालुक्यातल्या (जि. वर्धा) सर्व्हेत 'मृत्यूपूर्वीचं आजारपण' हा भाग तुझ्याकडे आलाय, हे वाचून बरं वाटलं. थोडी धाकधूकही झाली. फॉर्मात तो जेमतेम दोन ओळींचा, पण मी त्यातच सपशेल आपटलो होतो.

ओसरीवर मोठा मुलगा बसला होता. वडील चैत्रात गेलेले. 'मरणाआधी किती दिवस आजारी होते?' 'बिमार कायचा जी? बुढा चांगलाच होता. रातच्याला जेवला, झोपला, सकाळी उठलाच नाही.' मी शून्य लिहिलं. चहा घेऊन आलेली सून दारातच थबकली. 'सीतादही झाली तवापासून मामाजी वावरात गेलेच नाही. पेज गाळून द्यावी लागे. घास उतरेच ना.' खर्रा (तंबाखू-सुपारी घोटलेला) खायचे का, विचारलं. 'तो तं त्याच्याही आधी सुटला. तोंडच उघडत नव्हतं.'

मुलगा खोटं बोलत नव्हता. दवाखान्यात भरती केलं तर बिमारी, बाकी सगळं म्हातारपण, असा त्याचा हिशेब. सीतादही म्हणजे कापसाची पहिली वेचणी, दिवाळीच्या आसपासची. मी शून्य खोडून पाच महिने लिहिलं. पण आधीच्या अडतीस घरांत अशी किती शून्यं लिहून आलो, कोण जाणे.

म्हणून 'आजारी होते का' यावर थांबू नकोस. काम कधी सुटलं, परसाकडे एकट्यानं जाणं कधी थांबलं, अंघोळ कोण घालायचं, ते विचार. आणि जिनं घातली तिलाच विचार. महिने मोजायला लावलंस तर लोक तीन, सहा नाहीतर वर्ष म्हणतात. पोळा, दिवाळी, संक्रांत धरून विचारलंस तर नेमकं सांगतात. याला महत्त्व अशासाठी, की एचआयव्हीचा जोर असलेल्या देशांतल्या सर्व्हेंमध्ये 'मरणाआधीच्या १२ महिन्यांत किमान ३ महिने फार आजारी' तर ते दीर्घ आजाराचं मरण, अशी रेघ वापरली गेली. लोकांचा गोल आकडा नेमका त्याच रेघेवर पडतो. एका 'तीनेक महिने'नं मृत्यू दीर्घ आजाराच्या खान्यात जातो किंवा त्यातून बाहेर पडतो. आपल्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत (जुलै २०१७ ते जून २०१८) ३६५ दिवसांतली दवाखान्यातली भरती विचारली होती, वारलेल्यांचीसुद्धा. पण हा बुढा भरतीच झाला नव्हता.

काही मरणं तर यादीतच येत नाहीत. आजारी सून माहेरी धाडतात, ती तिथंच वारते. सासर म्हणतं, ती तर माहेरी गेली होती. माहेर म्हणतं, ती आमच्या घरची कुठं? तेव्हा आजारपणात घरातून कोण गेलं आणि कोण आलं, दोन्ही विचार. पुण्याहून खंगून परतलेला पोरगाही त्यात सापडेल. कुलूप लागलेल्या घराचं शेजाऱ्यांना विचार; माणूस गेल्यावर घरंही मोडतात.

मिळकतीच्या तक्त्यात 'मृत्यूच्या आधीचं वर्ष' हा तुलनेचा पाया धरलाय, तो मला पटत नाही. तोवर आजारपणापायी बैलजोडी विकलेली असते, पोरीची शाळा सुटलेली असते. मग मरणानं घराचं फारसं काही बिघडलं नाही, असंच दिसतं. तुमच्या सरांशी याबद्दल बोल, भांडावं लागलं तरी चालेल. बैल कधी विकले, एवढा एक प्रश्न वाढवला तरी पुष्कळ.

तेरवी व्हायच्या आत कुणाच्या घरी जाऊ नकोस. बाकी भेटीत.

तुझा,
काका