बल्ब बदलण्याआधी मल्टिमीटर लावा
वाचकांचे प्रश्न : जुन्या गाडीचे हेडलाईट

प्रश्न : ताई, माझी गाडी वीस वर्षांची आहे. इंजिनची काही तक्रार नाही, पण रात्री डिपरवर रस्ता दिसत नाही. उजेड तांबूस, मरगळलेला. नवे बल्ब टाकून पाहिले, फरक पडला नाही. आता एक जण म्हणतो १०० वॅटचे टाका, दुसरा म्हणतो एलईडी टाका. वय बासष्ट, चष्मा आहे. मल्टिमीटर वापरता येतो, लहानसहान वायरिंग घरी करतो. काय करू?

उत्तर : दोन्ही सल्ले तूर्त बाजूला ठेवा. नवा बल्ब टाकूनही उजेड तसाच राहिला, म्हणजे दोष बल्बच्या मागे आहे.

तुमच्या गाडीत बहुधा एच-४ जातीचा हॅलोजन बल्ब असणार. एकाच काचेत दोन फिलामेंट, अप्परला ६० वॅट आणि डिपरला ५५. कपलरला, म्हणजे बल्बच्या मागे तारा जोडणाऱ्या सॉकेटला, १३.२ व्होल्ट मिळाले तर हा बल्ब डिपरवर सुमारे १००० लुमेन (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) आणि अप्परवर सुमारे १६५० लुमेन उजेड देतो. आता महत्त्वाची गोष्ट ऐका. व्होल्ट थोडे उतरले तर उजेडही थोडाच उतरेल, असं आपल्याला वाटतं. फिलामेंटचं तसं नसतं. व्होल्ट दहा टक्के कमी झाले की उजेड तीस टक्के जातो. १३.२ ऐवजी ११.९ व्होल्ट पोहोचले तर हजाराचे सातशे लुमेन उरतात, ११.२ पोहोचले तर पावणेसहाशेच्या आसपास. फिलामेंट कमी तापतं म्हणून रंगही तांबूस होतो. तुम्ही लिहिलेला रंग तोच आहे, म्हणून मी इतक्या खात्रीने सांगते आहे.

हे व्होल्ट जातात कुठे? बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाईटचा सगळा करंट बॅटरीतून फ्यूजबॉक्समध्ये, तिथून डॅशबोर्डच्या स्विचमध्ये, मग स्टिअरिंगखालच्या डिपर स्विचमध्ये आणि तिथून परत पुढे दिव्यापर्यंत जातो. तार लांब आणि बारीक. ०.७५ चौरस मिलिमीटर जाडीची चार मीटर तांब्याची तार धरा. दोन्ही बल्बचे मिळून दहा अँपियर तिच्यातून गेले की एकट्या तारेत ०.९ व्होल्ट खर्च होतात. त्यात स्विचचे काळवंडलेले कॉन्टॅक्ट, सैल कपलर आणि बॉडीला गंजलेलं अर्थिंग मिळवा.

मोजायचं असं. इंजिन चालू, डिपर चालू, बल्ब जोडलेलाच. बल्ब काढून रिकाम्या कपलरवर मोजलं तर पूर्ण व्होल्ट दिसतात आणि फसगत होते, कारण करंट वाहत नसताना तारेत काही गळतच नाही. मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरा कपलरच्या मागून डिपरच्या पिनला. जे दिसेल ती पॉझिटिव्ह बाजूची गळती. मग एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरा कपलरच्या अर्थ पिनला, ती अर्थची गळती. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वायरिंगला हात लावू नका. व्होल्टाच्या वर असेल तर दोष सापडला. बॅटरीच्या दोन टोकांवरही एकदा पाहा. इंजिन थोडं रेस केल्यावर तिथे १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. तेवढे नसतील तर आधी बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, त्याचा बेल्ट आणि बॅटरीची टर्मिनलं बघा.

अर्थची बाजू पहिल्यांदा दुरुस्त करा, कारण ते काम सर्वांत सोपं आणि त्याचं फळ पुष्कळदा सर्वांत मोठं. दिव्याजवळचा अर्थचा स्क्रू काढा, खालचा रंग आणि गंज घासून चकचकीत पत्रा दिसू द्या, लग (तारेच्या टोकाचं धातूचं कडं) नवा लावा, घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. कपलर बाहेर काढून त्याचं प्लॅस्टिक पाहा. तपकिरी झालं असेल किंवा पिना निळसर पडल्या असतील, तर तो साफ करत बसू नका. जाड तारेचा, उष्णता सोसणारा नवा कपलर घाला.

एवढ्यावर भागलं नाही तर रिले, म्हणजे थोड्याशा करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. दोन घ्या, एक डिपरला आणि एक अप्परला. रिलेच्या पायांवर नंबर असतात. ८५ आणि ८६ कॉइलचे (हा स्विच ओढणारी तारेची गुंडाळी), ३० वर बॅटरीकडून येणारी तार, ८७ मधून बल्बकडे जाणारी. दिव्याकडे जाणारी जुनी तार आता फक्त ही कॉइल चालवते. त्यासाठी अँपियरचा पाचवा हिस्साही पुरतो, त्यामुळे जुना स्विचही सुखी होतो. नवी तार २.५ चौरस मिलिमीटरची, बॅटरीपासून शक्य तितकी आखूड, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. हे वीतभर मी मुद्दाम लिहिते आहे. फ्यूजच्या आधीची तार कुठे पत्र्याला घासून उघडी पडली, तर बॅटरी सगळा करंट तिच्यात ओतते आणि तार पेटते. डावा आणि उजवा दिवा वेगळ्या फ्यूजवर घेता आला तर फार चांगलं. एक उडाला तरी वळणावर काळोख होणार नाही. दोन्ही डिपर एकाच फ्यूजवर असतील तर १५ अँपियरचा. काम सुरू करण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढायचं, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

एक सावधगिरी. बऱ्याच जपानी बनावटीच्या गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला असतो. कपलरच्या सामाईक पिनेला कायम पॉझिटिव्ह असतं आणि अप्पर-डिपर निगेटिव्हने लागतात. तुमची गाडी तशी असेल तर वर सांगितलेली मोजणी आणि रिलेची जोडणी, दोन्ही उलट्या बाजूने करावी लागतील. म्हणून कुठलीही तार कापण्याआधी तीनही पिना मीटरने ओळखून कागदावर लिहून ठेवा.

रिले बसल्यावर बल्ब थोडे लवकर जातील, कारण त्यांना पहिल्यांदाच पूर्ण व्होल्ट मिळतील. दिसणारा रस्ता पाहता मला हा सौदा योग्य वाटतो. बल्ब जोडीने बदला आणि काचेला बोट लावू नका. बोटाचा तेलकटपणा तिथे भाजतो आणि काच तडकू शकते. लागलंच, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मगच लावा. निळी छटा दिलेले बल्ब घेऊ नका, तो निळा थर उजेडच अडवतो.

१०० वॅटच्या बल्बबद्दल माझं मत पक्कं आहे. कुणी ते घेऊन आलं तर मी बसवून देत नाही, आधी जुना कपलर काढून दाखवते. असे दोन बल्ब पंधरा अँपियरच्या वर ओढतात. आधीच गळणाऱ्या तारेत गळती आणखी वाढते, कपलर वितळतो आणि रिफ्लेक्टरचा चकाकीचा थर उष्णतेने फुगून येतो. तो थर काचेच्या आत निर्वात पद्धतीने चढवलेला ॲल्युमिनियमचा, केसापेक्षा कितीतरी पातळ असतो. गेला की पुन्हा घरी चढवता येत नाही.

एलईडीचंही सांगते. एच-४ बल्बमध्ये डिपरच्या फिलामेंटखाली लहानशी धातूची वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून रिफ्लेक्टरचा वरचाच भाग डिपरसाठी वापरला जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर काळोख राहतो. सगळी रचना त्या फिलामेंटच्या नेमक्या जागेवर बेतलेली असते. एलईडीच्या चिप तिथून एखाददुसरा मिलिमीटर सरकल्या तरी झोत विस्कटतो. आपल्या गाडीसमोरची जमीन लख्ख दिसते, म्हणून चालवणाऱ्याला दिवे सुधारल्यासारखे वाटतात, पण दूरचा रस्ता तसाच अंधारात राहतो आणि समोरून येणारा आंधळा होतो. अनेक देशांत हॅलोजनच्या दिव्यात असे बल्ब घालायला कायद्याची परवानगी नाही, किंवा ठरावीक गाडीच्या ठरावीक दिव्यापुरतीच आहे. समोरून येणाऱ्याला आपण दिसणं जितकं गरजेचं, तितकंच त्याला रस्ता दिसणंही.

आणि तुमच्या वयाबद्दल. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत साधारण एक-तृतीयांशच उजेड पोहोचतो. तेव्हा दिव्यांच्या कामासोबत चष्म्याचा नंबर तपासून घ्या आणि पुढची काच आतून पुसा. आतल्या बाजूला धुरकट थर बसतो तो दिवसा जाणवत नाही, रात्री मात्र समोरचा प्रत्येक दिवा त्यात पसरतो.

प्रश्न : माझ्या गाडीच्या हेडलाईटची काच पिवळी, धुरकट झाली आहे. टूथपेस्ट लावून चमकवली होती, पुन्हा तशीच झाली. कायमचा उपाय आहे का?

उत्तर : नखाने टकटक करून पाहा. आवाज बोदा आला तर ती काच नाही, पॉलिकार्बोनेट आहे. त्यावर कारखान्यात एक कडक संरक्षक थर दिलेला असतो. वर्षानुवर्षांच्या उन्हातल्या अतिनील किरणांनी तो मरतो आणि खालचं प्लॅस्टिक पिवळं पडतं. टूथपेस्टने वरवर घासलं जातं, थर काही परत येत नाही.

आधी दिव्यावर पाणी ओता. ओला असताना स्वच्छ दिसला, तर दोष बाहेरून आहे आणि तुम्ही तो काढू शकता. ओला होऊनही धुरकट राहिला, तर खराबी आतून आहे किंवा प्लॅस्टिकच्या पोटात बारीक भेगा आहेत. मग घासण्यात वेळ घालवू नका.

दिव्याभोवतीच्या रंगाला मास्किंग टेपचे दोन पदर लावा. पाण्याखाली ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करा, मग १५००, मग २०००, जमलं तर ३०००. दर नंबरला दिशा बदला, आधी आडवं, मग उभं. म्हणजे मागच्या पेपरचे ओरखडे पूर्ण गेले की नाही ते दिसतं. इथे घाई केली तर शेवटी पॉलिश करताना खोल ओरखडे वर येतात आणि पुन्हा ८०० पासून सुरुवात करावी लागते. ओघळणारं पाणी आधी पिवळसर दुधाळ असतं. पिवळेपणा संपून ते नुसतं पांढरं झालं, की जुना थर निघाला असं समजा.

यानंतरच्या टप्प्यावर बहुतेक जण थांबतात, आणि तिथेच काम वाया जातं. आता प्लॅस्टिक पूर्ण उघडं आहे. त्यावर अतिनील किरणं रोखणारं कोटिंग लावलंच पाहिजे, नाहीतर काही महिन्यांत आधीपेक्षा वाईट पिवळं होईल. घरी करायचं तर कापडाने पुसून लावायचं कोटिंग घ्या. दोन भाग मिसळून फवारायचा क्लिअर कोट जास्त टिकतो, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि ते श्वासातून गेलं तर फुप्फुसांना कायमची इजा करू शकतं. ते काम योग्य रेस्पिरेटर असलेल्या रंगकाम करणाऱ्याकडे द्या. थिनर, ॲसिटोन, पेट्रोल काही लावू नका. पॉलिकार्बोनेट त्याने तडकतं.

प्रश्न : धुतल्यावर दिव्यात आतून बाष्प जमतं. ड्रिल मारून भोक पाडू का?

उत्तर : नको. दिव्याला श्वास घ्यायची नळी किंवा छिद्र मुळातच असतं. ते चिखलाने बुजलं आहे का ते पाहा आणि मागचं रबरी झाकण नीट बसवा. हलकं बाष्प दिवे लावल्यावर थोड्या वेळात गेलं तर काळजी नको. पाणी साचत असेल तर काचेच्या जोडाचं सील गेलं आहे. आतला रिफ्लेक्टर मात्र कापडाने पुसू नका, चकाकी कापडावर येईल.

प्रश्न : मी डिपरवर असतो तरी समोरचे मला अप्पर मारून खुणावतात. बल्ब कंपनीचेच आहेत.

उत्तर : झोत वर चढला आहे, किंवा बल्ब खाचेत नीट बसलेला नाही. आधी बल्ब काढून पुन्हा बसवा. तिन्ही कान आपापल्या खाचेत गेले पाहिजेत.

मग सपाट जमिनीवर, टायरची हवा बरोबर करून, चालकाच्या जागी तुमच्याच वजनाचं कुणी बसवून गाडी भिंतीपासून पाच मीटरवर सरळ उभी करा. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खूण करा आणि तिच्याखाली पाच सेंटिमीटरवर आडवी टेप लावा. बहुतेक गाड्यांना एक टक्का उतार चालतो, म्हणजे दहा मीटरवर दहा सेंटिमीटर. नेमका आकडा पुष्कळदा दिव्यावरच किंवा बॉनेटखाली छापलेला असतो. असेल तर तोच धरा. डिपर लावा, एक दिवा पुठ्ठ्याने झाका, आणि उजेडाची वरची आडवी कड टेपवर येईपर्यंत मागचा स्क्रू फिरवा. रस्त्याच्या कडेच्या बाजूला ती कड तिरकी वर चढते, ते बरोबर आहे. चढ विरुद्ध बाजूला असेल, तर दिवे दुसऱ्या बाजूने वाहतूक चालणाऱ्या देशासाठीचे आहेत. ते स्क्रूने सुधारणार नाहीत, बदलावेच लागतील.

डॅशबोर्डवर दिवे वर-खाली करायची चकती असेल तर हे सगळं करताना ती शून्यावर ठेवा. मागे माणसं किंवा सामान भरलं, की गाडीचं नाक वर होतं, तेव्हा चकती एक-दोन घरं पुढे घ्या. तुम्ही अशाच भरल्या गाडीने निघत असाल आणि चकती शून्यावरच राहत असेल, तर कदाचित स्क्रूला हात लावायचीही गरज पडणार नाही.