बाजू घ्यायचीच तर नणंदेची

पत्र: आम्ही ठाण्यात नौपाड्यात राहतो. हे दर सोमवारी कौपिनेश्वराला जातात. मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, वर्षभरापासून देव मानत नाही. देव असल्याचा पुरावा काय, धर्माने माणसाचं काय भलं केलं, यावरून रोज जेवताना वाद. घणसोलीच्या माझ्या नणंदेची सहा वर्षांची मुलगी एप्रिलमध्ये ब्लड कॅन्सरने गेली. मध्यंतरी नातेवाइकांनी एक बुवा गाठला होता. तो औषधं बंद करा म्हणाला, तेव्हा यांनीच त्याला हाकलला. मुलगा दर रविवारी तिच्याशी लुडो खेळायला जायचा. ती गेल्यावर सगळे जमले असताना तो यांना म्हणाला, ‘इतके अभिषेक केलेत, तुमचा देव तेव्हा कुठे होता?’ हे म्हणाले, ‘पूर्वजन्मीचं असतं सगळं.’ नणंद उठून आत गेली. तेव्हापासून बापलेक बोलत नाहीत. यांनी बजावलंय, या घरात राहायचं तर गणपतीसमोर हात जोडावे लागतील. मी कोणाची बाजू घेऊ?
— एक आई, ठाणे

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रात लुडोचं एकच वाक्य आहे, तेही जाता जाता लिहिलेलं. मी तिथेच अडकले. तुमचा मुलगा त्या दिवशी वादात जिंकायला बोलला असं मला वाटत नाही. त्याची खेळगडी गेली होती आणि कोणावर तरी ओरडायचं होतं. समोर वडील होते.

त्याचा प्रश्न आजचा नाही आणि बाहेरून आलेलाही नाही. देवाने जग केलं असेल तर तो पक्षपाती आणि निर्दय ठरतो, हा आक्षेप वेदान्ताचा मूळ ग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांत घेतलेला आहे. ‘वैषम्य’ आणि ‘नैर्घृण्य’ हे तिथले शब्द. त्यावरचं उत्तर असं की फळ ज्याच्या त्याच्या कर्मानुसार मिळतं. म्हणजे यजमान जे बोलले तेच. मी स्वतः देव मानते, रोज दिवा लावते, पण हे उत्तर मला पुरत नाही. ग्रंथात ते एका आक्षेपाचं उत्तर आहे. सहा वर्षांच्या मुलीच्या आईसमोर उच्चारलं की तिच्याच लेकराला दोष दिल्यासारखं होतं. नणंद आत गेली ती कोणाच्या वाक्यामुळे, हे यजमानांनी एकदा स्वतःला विचारावं. मुलाच्या वाक्याने देवाला प्रश्न विचारला, यांच्या वाक्याने त्या बाळाला.

पुराव्याच्या वादात तुमचा मुलगा बरोबर आहे असं मला वाटतं. देव असल्याचा, सगळ्यांना पटेल असा पुरावा माझ्याकडे नाही. मला जे जाणवतं ते माझ्यापुरतं, ते त्याच्या पदरात कसं घालू? धर्माच्या नावाने झालेल्या अन्यायाबद्दल तो बोलतो तेही खोटं नाही. पण वडिलांचा सोमवार हा कुणाशी घातलेला वाद नाही, हे त्याला कळायला हवं. ते देवळात काही सिद्ध करायला जात नाहीत.

यजमानांना सांगा, नास्तिक मुलगा म्हणजे घराण्याला लागलेला डाग नव्हे. देव आणि वेद दोन्ही नाकारणारा चार्वाक आपल्याच मातीतला. सांख्य आणि मीमांसक या जुन्या दर्शनांचे लोक वेद मानणारे, तरी जग निर्माण करणाऱ्या ईश्वराशिवाय त्यांचं भागलं. न्यायदर्शनाच्या उदयनाचार्यांनी ईश्वर सिद्ध करायला न्यायकुसुमांजली लिहिली, ती अशाच लोकांना उत्तर म्हणून. युक्तिवाद केला, घराबाहेर काढलं नाही. आणि आगरकर १८८८ साली ‘सुधारक’ पत्र काढून धर्मातल्या रूढींवर जे लिहीत होते, ते याच महाराष्ट्रात.

आता त्या बुवाचं. ही गोष्ट तुम्ही का लिहिलीत कोण जाणे, पण फार बरं केलंत. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर हेच सांगत राहिले की आमचा विरोध देवाला किंवा धर्माला नाही, त्यांच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीला आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. मुलाने त्यांच्याबद्दल वाचलं असणारच. मग त्याला विचारा, बुवाला हाकलणारा माणूस कोण होता? देव मानणारे बाबाच ना? त्या दिवशी दोघे एकाच बाजूला उभे होते. ते त्याच्या लक्षातच आलेलं नाही.

गणपतीत हात जोडायची सक्ती नको. धाकाने जोडलेले हात यजमानांनाही बघवणार नाहीत. पण मखर बांधणं, पाहुण्यांना ताटं वाढणं, विसर्जनाला मूर्ती तलावापर्यंत नेणं यासाठी श्रद्धा लागत नाही. आरतीला तो मागे उभा राहील, तोंड उघडणार नाही, एवढं त्याच्याकडून कबूल करून घ्या.

बाजू घ्यायचीच तर नणंदेची घ्या. मुलाने आपलं मत मागे घेऊ नये. मात्र आत्यासमोर तो प्रश्न काढला याची माफी आत्याकडे मागावी, आणि यजमानांनीही मागावी. येत्या रविवारी दोघांना एकत्र पाठवा. ठाण्याहून पनवेल किंवा वाशीची गाडी पकडली की घणसोली फार लांब नाही. वाटेत बोलले नाहीत तरी चालेल. लुडोचा पट तुमच्याकडे असेल तर तो बरोबर द्यायचा की नाही, हे मात्र आधी नणंदेला फोन करून तुम्हीच विचारा.