वाचकांचे प्रश्न : घरून शिकणारं मूल आणि चार्टर शाळेचा पैसा

कॅलिफोर्नियातल्या चार्टर शाळा सरकारी पैशावर चालतात आणि फी घेत नाहीत, पण कारभार स्वतःच्या सनदेप्रमाणे, म्हणजे परवान्यातल्या अटींप्रमाणे, करतात. त्यातल्या काहींमध्ये मूल बहुतेक दिवस घरीच शिकतं. त्याला तिथे ‘इंडिपेंडंट स्टडी’ म्हणतात. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेत आहोत.

मुलगा सहावीत आहे. हिवाळ्यात सहा आठवडे नाशिकला आजीकडे जायचं आहे. शाळा म्हणते, इंडिपेंडंट स्टडी घ्या. घ्यावी का? (फ्रिमाँट)

घ्या, पण तिकिटं काढण्याआधी करारनामा हातात घ्या. त्यावर मुलगा, पालक आणि देखरेख करणारे शिक्षक अशा तिघांच्या सह्या लागतात. इलेक्ट्रॉनिक सही चालते. सही करण्यापूर्वी त्यात चार गोष्टी शोधा : कोणत्या विषयाचं किती काम द्यायचं, दिल्यापासून किती दिवसांत परत करायचं, ते कसं तपासणार, आणि किती गृहपाठ चुकले की हा मार्ग मुलाला झेपतो का याचा फेरविचार होणार. मुक्काम तात्पुरता असून घर कॅलिफोर्नियातच आहे, हेही लेखी असू द्या. परदेशातल्या मुक्कामाबद्दल शाळेचं धोरण काय आहे ते आधी विचारा. प्रत्येक शाळा यासाठी तयार होत नाही.

खरी अडचण घड्याळाची. दोन-चार दिवसांच्या सुट्टीला प्रत्यक्ष संवादाची अट नसते, पण सहा आठवडे म्हणजे शाळेचे साधारण तीस दिवस. चौथी ते आठवीच्या मुलांसाठी मग रोज शाळेतल्या कुणाशी तरी थेट संवाद आणि आठवड्यातून एकदा शिक्षकांसोबत थेट तास शाळेला उपलब्ध करून द्यावा लागतो. हिवाळ्यात कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ म्हणजे नाशिकला रात्रीचे साडेदहा. कॅलिफोर्नियातले संध्याकाळचे पाच मागून घ्या, म्हणजे नाशिकला दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसहा होतात. हे आधी ठरवलं नाही तर मूल तासाला दिसत नाही आणि मग पालकांना फोन, बैठक हे सगळं ओघानं येतं.

आता मुलीला पूर्ण वेळ घरून शिकवणाऱ्या चार्टर शाळेत घालतोय. तिच्या नावे वर्षाला ठरावीक रक्कम असते म्हणतात. त्यातून तबल्याचा क्लास आणि लॅपटॉप घेता येईल का? पैसे आमच्या खात्यात येतील का? (सॅन होजे)

खात्यात काहीही येणार नाही. वर्गात बसणाऱ्या मुलांना जे मिळत नाही, ते पैसे किंवा मौल्यवान वस्तू इंडिपेंडंट स्टडीच्या मुलांना वा पालकांना दिली, तर त्या हजेरीवरचं अनुदान शाळेला मिळत नाही, असा कायदाच आहे. म्हणून शाळा स्वतः पुरवठादाराला पैसे देते. तबल्याचे गुरुजी शाळेच्या मान्य यादीत हवेत, आणि तो क्लास शाळेच्या शिक्षकांनी मुलीच्या अभ्यासात मांडलेला हवा. आधी फी भरून मागाहून पावती दिलीत तर पावती बहुधा नामंजूर होईल. लॅपटॉप शाळेच्या मालकीचा राहतो. शाळा सोडताना परत करायचा. धार्मिक अभ्याससाहित्य या पैशातून घेता येत नाही, तेव्हा संस्कारवर्गाचं पुस्तक यादीत घालू नका.

रोजच्या नोंदवहीकडेही लक्ष द्या. मुलगी त्या दिवशी अभ्यासाला बसली, अशी खूण त्या त्या दिवशीच करायची. महिन्याचा तक्ता एका बैठकीत भरलेला तपासनिसाला लगेच ओळखू येतो.

मूल वर्गात नाही, तर सरकार पैसे कशावर देतं? आणि फसवणूक होत नाही का? (पुणे)

पैसे हजेरीवर मिळतात, पण इथे हजेरी म्हणजे झालेलं काम. समजा, शाळेचे वीस दिवस झाले. शिक्षकांनी वह्या, चाचण्या पाहिल्या आणि काम सोळा दिवसांच्या मोलाचं ठरवलं, तर सोळाच दिवस धरले जातात. हे मोल परवानाधारक शिक्षकच ठरवतो. कामाचे नमुने आणि करारनामा जपून ठेवावा लागतो. लेखापरीक्षणात सही सापडली नाही, तर मुलानं कितीही अभ्यास केलेला असो, त्या दिवसांचं अनुदान जातं.

दुसरी चाळणी शाळेच्या खर्चाची. २००१ च्या एसबी ७४० या कायद्यामुळे, ज्या चार्टर शाळेत अध्यापनाच्या वेळेपैकी ८० टक्क्यांहून कमी वेळ शाळेच्या आवारात जातो, तिला राज्य शिक्षण मंडळाकडून अनुदानाचं प्रमाण ठरवून घ्यावं लागतं. पूर्ण १०० टक्के हवं असेल तर सार्वजनिक उत्पन्नाचे किमान ४० टक्के परवानाधारक शिक्षकांच्या पगार-भत्त्यांवर आणि एकूण उत्पन्नाचे किमान ८० टक्के अध्यापन व संबंधित सेवांवर खर्च व्हावे लागतात. शिवाय एका शिक्षकामागे साधारणपणे २५ हून जास्त मुलं चालत नाहीत. एक कोटी डॉलर उत्पन्नाची शाळा धरा : ४० लाख शिक्षकांवर, पण अध्यापनावर ८० ऐवजी ७५ लाखच गेले, तर प्रमाण ८५ टक्क्यांवर येतं. त्याखालची पायरी ७० ची, आणि तिच्याही खाली शून्य. खास परिस्थितीचं कारण देऊन शाळा दाद मागू शकते.

फसवणूक झाली, आणि मोठी झाली. २०१९ मध्ये सॅन दिएगोच्या सरकारी वकिलांनी ए३ नावाच्या समूहाच्या ऑनलाइन शाळांच्या जाळ्याशी संबंधित ११ जणांवर आरोप ठेवले. खेळाच्या संघटनांना पैसे देऊन उन्हाळी सरावाला आलेल्या मुलांची माहिती मिळवली गेली आणि ती पटावर चढवली गेली. अनेक मुलांना आपण त्या शाळेत असल्याचा पत्ताही नव्हता. प्रमुखांनी २०२१ मध्ये गुन्हा कबूल केला.

आमच्या मते दुखणं देखरेखीत होतं. सनद देणाऱ्या शिक्षण जिल्ह्याला (तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेला) शाळेच्या उत्पन्नातून देखरेख शुल्क मिळतं, साधारण एक टक्का. मूठभर पटाच्या जिल्ह्यानं हजारो मुलांच्या ऑनलाइन शाळांना सनद दिली की ते शुल्कच त्याच्या अंदाजपत्रकाचा आधार होतं. मग बिलं बारकाईनं तपासायची कोणाला घाई? २०१९ च्या एबी १५०५ कायद्यानं २०२० पासून अशा नव्या शाळांना सनद देणं थांबवलं, आणि ही बंदी पुढे वाढवतही नेली. पण आधी सुरू असलेल्या शाळांवर नजर ठेवण्याचं काम त्याच जिल्ह्यांकडे राहिलं.

म्हणजे आपला १७ नंबरचा फॉर्मच ना? (कोल्हापूर)

नाही. १७ नंबरचा विद्यार्थी दहावी-बारावीच्या परीक्षेला बाहेरून बसतो. वर्षभर त्यानं काय केलं, हे रोज कोणी विचारत नाही. तिकडचं मूल मात्र शाळेच्या पटावर असतं. तिथे चार्टर शाळेला वर्षात किमान १७५ दिवस शिकवावं लागतं, आणि सहावीच्या मुलाला वर्षाला निदान ५४,००० मिनिटं.