हलकी लिनक्स आणि बुद्धिबळाचं इंजिन

प्रश्न : माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये 4 जीबी रॅम आहे. स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या इंजिनासाठी कोणती मोफत, हलकी ऑपरेटिंग सिस्टीम टाकू?

लुबुंटू टाका, किंवा मिंटची एक्सएफसीई आवृत्ती; दोन्ही लिनक्सचेच हलके प्रकार. रॅम 2 जीबीच असती तर त्याहून हलकं अँटिएक्स सुचवलं असतं. मात्र हलक्या सिस्टीममुळे इंजिन हुशार होत नाही. रॅम मोकळी राहते आणि प्रोसेसरला इंजिनाकडे लक्ष देता येतं, एवढाच फायदा. ती मोकळी रॅम वापरायचं काम तुमचं. स्टॉकफिशचा हॅश (तपासलेल्या स्थिती लक्षात ठेवायला राखलेली रॅम) मुळात फक्त 16 एमबी असतो आणि थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) एकच. हॅश 1024 एमबी करा, थ्रेड प्रोसेसरच्या कोअरइतके. सगळी रॅम हॅशला देऊन टाकू नका. रॅम संपून डिस्कवर स्वॅप (रॅमऐवजी डिस्कचा वापर) सुरू झालं की इंजिन अक्षरशः रांगतं.

प्रश्न : लिनक्स टाकल्यावर स्टॉकफिश उलट मंद झालं. असं का?

दोष बहुधा लिनक्सचा नाही, फाइलीचा आहे. 2020 मध्ये स्टॉकफिश 12 आलं, तेव्हापासून डावाचं मूल्यमापन एनएनयूई हे न्यूरल नेटवर्क करतं. ही आकडेमोड एव्हीएक्स2 (avx2, एकदम अनेक आकडे हाताळण्याची सोय) असलेल्या प्रोसेसरवर झपाट्याने होते, पण फाइल त्यासाठी बांधलेली हवी. लिनक्सच्या सॉफ्टवेअर भांडारातून येणारी फाइल सहसा कुठल्याही प्रोसेसरवर चालावी अशी साधी असते. टर्मिनलमध्ये 'एलएससीपीयू' (lscpu) चालवा आणि फ्लॅग्जच्या ओळीत एव्हीएक्स2 शोधा. सापडलं तर स्टॉकफिशच्या संकेतस्थळावरून त्या नावाची फाइल घ्या. नसेल तर ती फाइल 'इलीगल इन्स्ट्रक्शन' म्हणत लगेच बंद पडेल. मग जुन्या प्रोसेसरांसाठीची पॉपकाउंटवाली (popcnt) घ्या.

खात्री हवी असेल तर स्टॉकफिश उघडून नुसतं 'बेंच' (bench) टाइप करा. पटापट ओळी सरकतात आणि शेवटी दर सेकंदाला किती नोड्स (डावातल्या स्थिती) तपासले तो आकडा येतो. दोन्ही फाइलींचा आकडा कागदावर लिहून ताडून पाहा. सिस्टीम बदलण्याआधी प्रत्येकाने हे करावं, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : चेसबेस लिनक्सवर चालेल का?

चेसबेस हे डावांचा संग्रह आणि अभ्यास करायचं सॉफ्टवेअर विंडोजसाठीच बनलेलं आहे. वाइनमधून (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं साधन) खटपट करता येते, पण रोजच्या अभ्यासासाठी त्यावर विसंबू नका. चेसबेसशिवाय अडत असेल तर विंडोज ठेवा. नाहीतर डावांच्या संग्रहासाठी स्किड आणि इंजिनांच्या आपसातल्या सामन्यांसाठी क्यूट चेस, दोन्ही मोफत आहेत.

प्रश्न : एंडगेम टेबलबेस ठेवू का?

टेबलबेस म्हणजे थोडे मोहरे उरलेल्या स्थितींची तयार उत्तरं. पाच मोहऱ्यांपर्यंतचे सिझिजी नावाचे टेबलबेस सुमारे 1 जीबीत मावतात, ते जरूर ठेवा. सहा मोहऱ्यांचे दीडशे जीबीच्या घरात जातात. एसएसडीवर तेवढी जागा नसेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका.